व्हय म्हाराजा, बाल्कनी-स्टॉल दोन्हीकडून

कारखान्यात तेलकट फडकी कोपऱ्यात टाकत जा, वर्षभरात त्यांचा डोंगर होतो. एक फडकं ओढायला जावं तर चार हातात येतात. आमच्या भुताच्या पिक्चरच्या किश्श्यांचं तसंच झालंय. आमचा कारखाना मुलुंडला, पाण्याचे पंप बनवणारा. डबा खायच्या सुट्टीत कुणी नुसतं म्हणावं, "काल व्हिडिओवर एक हॉरर बघितला," की संपलं! भोंगा झाला तरी कुणी उठत नाही.

आमची टोळी चौघांची. तावडेकाका, आमचे फोरमन, मूळचे कणकवलीकडचे. पीटर, मशीन शॉपमधला, गाव गोराई, पण नोकरीपायी बहिणीकडे मुलुंडला राहणारा. सुधाकर परब, स्टोअर्समधला, वयानं सगळ्यांत लहान. आणि मी. दर रविवारी तीनचा शो. थिएटर जुनं, पंखे आवाज करणारे, आणि प्रेक्षक बहुतेक गिरण्यांच्या संपानंतर लालबाग-परळ सोडून इकडे आलेले कोकणातले. त्यामुळे पडद्यावर भूत आलं की घाबरण्यापेक्षा त्याची चौकशी जास्त!

सांगतो ते सगळं खरं आहे. जिथं खरं वाटणार नाही, तिथं ते जास्त खरं आहे असं समजा.

* * *

हल्लीच्या हॉररबद्दल तावडेकाकांचं मत एकच. "ह्या लोकांका भुताशी बोलूक येणा नाय!"

एका पिक्चरमध्ये इंटर्व्हलपर्यंत चौघं मेले. नोकर मेला, ड्रायव्हर मेला, हिरोचा मित्र मेला, आणि एक प्रोफेसर विनाकारण मेला. काका वैतागले. बाहेर वडा खाताना म्हणाले, "कोणी इचारल्यान काय तेका, बाबा तुका काय होया म्हणून? नारळ, कोंबो, इडी... काय ता एकदा देऊन टाकूचा नि मोकळा होवचा! ही मेली किंचाळत धावतत!"

मी म्हटलं, "काका, असं नारळ-कोंबडा-विडीवर भागवलं तर पिक्चर दहा मिनिटांत संपेल."

"मग संपांदे! उरलेल्या वेळात गाणी दाखवा."

खरं सांगू? एवढं मुद्देसूद परीक्षण मी पेपरातसुद्धा वाचलेलं नाही.

* * *

काकांचं हे नुसतं बोलणं नव्हतं. कोकणात गाऱ्हाणं घालतात, म्हणजे एकानं देवापुढे किंवा गावच्या राखणदारापुढे उभं राहून मागणं मोठ्यानं मांडायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. काका आमच्या कारखान्यातले गाऱ्हाणेकरी. नवी मशीन आली की पहिलं गाऱ्हाणं, मग स्विच.

आणि त्यांचा नियम कडक. ज्यानं 'व्हय' म्हटलं, तो त्या मागण्याला बांधला गेला. मग मागे फिरायचं नाही.

एकदा मोठी लेथ आली. शेठ स्वतः हात जोडून उभे. काकांनी सुरुवात केली, "बा म्हाराजा, ह्या मशिनीक नजर लागांदे नको!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" शेठना मालवणी कळत नव्हती, पण सूर सापडला. तेही म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या हाताबोटाक इजा होवंदे नको!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमच्या जेवणाच्या खोलीत ह्या उन्हाळ्याआधी पंखे लागांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज शेठचा.

मार्चमध्ये पंखे लागले. शेठ कुरकुरले, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "शेठ, तुम्ही मशिनीपुढं व्हय म्हटलंय. आता नाय म्हटलं तर ती मशीन ऐकतली काय?"

* * *

पीटरचा आजार वेगळा. गोराईत त्याचा एक मामेभाऊ बोटीवर कामाला. तो परदेशातून इंग्लिश हॉररच्या कॅसेटी आणायचा. त्यामुळे हिंदीत कुठलाही हॉरर आला की पीटरनं त्याचा ओरिजिनल आधीच बघितलेला!

"आता हिच्या मानेवर हात येणार बघ... आला! आता म्हातारी जिन्यावरून पडणार... पडली! आता कुत्रा."

पुढच्या रांगेतला एक गृहस्थ शेवटी मागे वळला. "साहेब, तुम्हीच मारताय का त्यांना? मारा, पण जरा शांतपणे मारा!"

ओरिजिनल मीही एक-दोन बघितले त्याच्याकडे. माझं मत सांगू? इंग्लिश भूत अबोल असतं. दार हलतं, दिवा जातो, आणि आपण अर्धा तास नुसते त्या दाराकडे बघत बसतो. आपल्या रिमेकमध्ये भूत आलं की पहिलं भाषण करतं. शंभर वर्षांपूर्वी काय झालं, कोणी केलं, का केलं! शिवाय ओरिजिनलमध्ये घरात तीन माणसं असतील, तर रिमेकमध्ये मामा, मामी, विनोदी नोकर आणि त्याची प्रेयसी. भुताला सुरुवात कोणापासून करायची, हा प्रश्न पडत असणार.

एकदा मात्र घात झाला. पीटर ज्याच्याकडे बोट दाखवून "हा गेला, हा गेला" करत होता, तो शेवटपर्यंत जिवंत राहिला. वर त्याचं लग्न लागलं! पीटर तडक थिएटरच्या मॅनेजरकडे. "ओरिजिनलमध्ये हा मरतो!"

मॅनेजर सुपारी कातरत म्हणाला, "तिकडे मरत असेल. इथं तो निर्मात्याचा मेहुणा आहे."

* * *

मेकअपबद्दल बोलायलाच नको. एका पिक्चरमध्ये भुताच्या हनुवटीखालचं रबर सुटून लोंबत होतं. सुधाकर म्हणाला, "हे गॅस्केट आपल्या स्टोअर्समध्ये पडलंय तसलंच आहे."

आणि एकात तर कबर फुटली, धूर आला, हात वर आला, अख्खं भूत बाहेर पडलं, थिएटर चिडीचूप... आणि तावडेकाकांनी कपाळावर हात मारला. "पाय उलटे नाय ते नाय, वर सिलिपर!"

सगळे बघतात तर खरंच. कफनीखाली निळ्या पट्ट्याची हवाई चप्पल! त्यानंतर ते भूत पडद्यावर आलं की स्टॉलमधून आवाज यायचा, "ओ भाऊ, चपला बाहेर काढा!"

* * *

आता काकांची खरी खोड सांगतो. मुलगी कुंदा, बालवाडीत शिकवायची. काका तिच्यासाठी आलेल्या प्रत्येक मुलाला हॉरर बघायला घेऊन जायचे! कांदेपोहे घरी, परीक्षा थिएटरात. "माणूस उजेडात बरोच वागता. काळोखात कसो वागता ता बघूक होया."

पहिला मुलगा बँकेतला. भूत आल्यावर त्यानं किंकाळी मारली आणि काकांच्या मांडीवर चढला. नापास.

दुसरा खो खो हसत सुटला. मला वाटलं, हा धीट, हा जमला. काका म्हणाले, "भुताक हसता? उद्या सासऱ्याक हसतलो!" नापास.

तिसरा चांगला शिकलेला. ना घाबरला, ना हसला. बाहेर पडल्यावर एवढंच म्हणाला, "ठीक आहे, पण ओरिजिनलची मजा नाही." पीटर खूश! काका मात्र घरी येऊन कुंदाकडे बघत म्हणाले, "हो उद्या माझ्या चेडवाक बघून म्हणतलो, ओरिजिनल खंय आसा?" तोही गेला.

* * *

गोची अशी की कुंदाचं आणि आमच्या सुधाकरचं जमलं होतं. काकांना सोडून सगळ्या मुलुंडला माहीत! आणि सुधाकर एक नंबरचा भित्रा. दर रविवारी आमच्याबरोबर यायचा तो कुंदाच्या बाबांशेजारी बसायला मिळतं म्हणून. पिक्चरभर तो दरवाजावरच्या लाल दिव्याकडे बघत बसे. गॅस्केट दिसलं तेवढंच त्यानं भूत बघितलेलं.

शेवटी त्यानं धीर करून विचारलं. काका म्हणाले, "पोरगो बरो आसा. पण परीक्षा सगळ्यांका सारखी! माझ्या बाजूक बसान, पडद्याकडे बघान अख्खो पिक्चर काढ. किंचाळलंस तर नाय. डोळे मिटलंस तर नाय. भायर गेलंस तर नायच नाय." आणि हा नापास झाला तर मे महिन्यात गावी जाऊन एका एसटी कंडक्टरला होकार द्यायचा, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

कुंदा बालवाडीच्या दारात आम्हा सगळ्यांदेखत सुधाकरला म्हणाली, "एवढा एक पिक्चर निभावून ने रे. मला रोज तिकीट-तिकीट ऐकत संसार करायचा नाहीये!"

आठवडाभर डब्याच्या सुट्टीत कोचिंग. पीटर म्हणाला, "कानात कापूस घाल, मॅन. भूत नाही घाबरवत, म्युझिक घाबरवतं." मी म्हटलं, "चष्मा काढून बस. चष्म्याशिवाय भूतसुद्धा लांबच्या नातेवाइकासारखं दिसतं." सुधाकर दोन्हीला हो म्हणाला आणि घाम पुसत राहिला.

* * *

तो रविवार. तीनचा शो. थिएटर फुल. काका, त्यांच्या डावीकडे सुधाकर, उजवीकडे मी, माझ्यापलीकडे पीटर. कुंदा मैत्रिणीबरोबर वर बाल्कनीत.

काकांनी बसल्या बसल्या सुधाकरच्या कानातला कापूस काढून खिशात टाकला. "चष्मो घाल," म्हणाले.

इंटर्व्हलपर्यंत पोरगा टिकला. खुर्चीचे हात त्यानं असे धरले होते की मला वाटलं, उठताना खुर्ची घेऊनच उठेल. इंटर्व्हलनंतर तो प्रसंग आला. हिरोईन झोपलेली, बाजूला पाळण्यात मूल, आणि जिन्यावरून ते उतरतंय. म्युझिक बंद. एकेक पायरी. ह्या पिक्चरचा ओरिजिनल पीटरनंही बघितला नव्हता. पलंगाजवळ येऊन भुतानं हात वर केला, नखं एवढी लांब, आणि सुधाकर ताडकन उभा राहिला!

मी म्हटलं, झालं. पळाला. कंडक्टर आला.

पण तो पळाला नाही. त्याचे डोळे उघडे, पडद्यावर खिळलेले. त्यानं हात जोडले. आणि मुलुंडात जन्मलेल्या, कधी मालवणीचा एक शब्द न बोललेल्या त्या पोराच्या तोंडून गावी गाऱ्हाणी घालणाऱ्या त्याच्या आज्याचा आवाज बाहेर पडला.

"बा म्हाराजा! तू कोण, खंयचो, आमका ठावक नाय. तुका काय होया ता सांग! नारळ होयो तर नारळ देतंव, इडी होई तर इडी देतंव. पण ह्या लेकरवाळीक सोड रे म्हाराजा!"

आणि अख्ख्या स्टॉलनं, जन्माच्या सवयीनं, एका दमात म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

आता सुधाकर थांबणार कसा? "ह्या घरार जी काय इडापिडा आसात, ती घेवन आपल्या वाटेन जा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी बाल्कनीतूनही.

"आणि तुझ्या ह्या लेकराचा, ह्या सुधाकर परबाचा, तावड्यांच्या कुंदाशी जा काय जुळूचा आसा, ता ह्या वर्साक जुळान येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझ्या शेजारून आला. खणखणीत, फोरमनचा. मी वळून बघितलं तर तावडेकाकांचे हात जोडलेले, तोंड अजून उघडं, आणि डोळ्यांत हळूहळू उजेड पडत चाललेला. त्यांनी पटकन तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता! पलीकडून पीटर छातीवर क्रूसाची खूण करत म्हणाला, "काका, तुम्ही व्हय म्हटलंय. मी ऐकलंय."

वरून कुंदाचा आवाज आला, "मी पण ऐकलंय, बाबा!"

लग्न मेमध्येच झालं. कंडक्टरला पत्रिका गेली. लग्नाआधीच्या रविवारी काका सुधाकरला घेऊन थिएटरात गेले आणि पडद्याखाली एक नारळ आणि एक विडी ठेवून आले. बोललेलं देऊन टाकायला लागतं. मॅनेजरनंच दार उघडून दिलं. तोही परीक्षेच्या शोला दारात उभा होता.

कारण पुढचं आम्ही सगळ्यांनीच बघितलं होतं. शेवटच्या 'व्हय म्हाराजा'नंतर त्या भुतानं वर केलेला हात खाली घेतला. जरा वेळ आमच्याकडे बघितलं. मग पाठ फिरवली, आणि आलं तसं एकेक पायरी चढून वर निघून गेलं.

तो पिक्चर मी नंतर व्हिडिओवर आणून परत परत बघितला. त्यात ते थांबत नाही. बाईही जाते, मूलही जातं.

पीटरनं मामेभावाकडून मुद्दाम इंग्लिश कॅसेट मागवली. बघून आला आणि डबा न उघडताच म्हणाला,

"ओरिजिनलमध्ये पण थांबत नाही, मॅन."