आक्काचा सांजचा निरोप

त्या दिवशी दुपारी गुरुजी शाळंतनं जेवाय घरी आलं, ते चपला काढायच्या आधीच बोलाय लागलं. एरवी असं कवा न्हाई. आकाराम गुरुजी म्हंजी दिवसभर शाळंत बोलून बोलून घरात आल्यावर मुका झालेला मानूस. पर त्या दिवशी उंबऱ्यातनंच म्हनलं, "ऐकलंस का? मनुबाईच्या शालननं आज पयलीच्या पोरांकडनं पाढं म्हनून घेतलं!"

आक्का चुलीम्होरं भाकरी थापत हुती. आक्का म्हंजी गुरुजींची बायको, अंबूबाई. तिचा हात काटवटीतच थांबला.

"कुनी सांगितलं तिला घ्याय?"

"कुनी न्हाई. तपासनीला सायेब आलं हुतं, मी भायेर बोलत हुतो. आत पयलीची पोरं नुसती बोंबलाय लागली. मी परत येतोय तर ही हुबी! हातात पट्टी. आन् आवाज कसा, खनखनीत. बे एके बे, म्हना. मी दारातच थांबलो. आत गेलो आसतो तर परत गप झाली आसती."

तव्यावरची भाकरी करपाय लागली तरी आक्काचं ध्यान न्हाई. धाकटी जाऊ अंजना डाळ निवडत बसलेली, तिनं उठून भाकरी उलथली.

"आक्का, आत्ताच जावा की सांगाय. मनुबाई आज रानात गेली न्हाई, मी बगितली मगाशी."

"न्हाई. सांज हू दे."

"आवं, दुपारी काय आन् सांजला काय? निरोप त्योच की!"

"तुला कळायचं न्हाई अंजे. हे सांजचं सांगनं हाय. किती महिनं झालं मी ह्याची वाट बगतीया."

जेवनं झाली, गुरुजी परत शाळंत गेलं. आक्कानं पेटीतलं हिरवं लुगडं काढून वलनीवर टाकलं. अंजना हसली, "मनुबाईच्या घरी लगीन हाय काय?" आक्का म्हनली, "तू गप. दळान घिऊन ये जा." मग ती राख घिऊन कंदिलाची काच पुसाय बसली. सकाळधरनं पाठ भरून आलीया म्हनत हुती, पर पाठ तर तिची रोजच भरायची.

अंजना गिरनीवरनं डोईवर डबा घिऊन आली तवा आक्का भिंतीला टेकून बसलेली. काच मांडीवर. कपाळावर घाम, थंडीच्या दिवसात.

"आक्का? काय हुतंय?"

"काय न्हाई गं. पानी दे जरा." पानी दोन घोट घेतलं. म्हनली, "काच ठीव नीट, फुटंल."

अंजनानं काच उचलून फळीवर ठेवली आन् वळून बगतीय तर आक्का एका अंगाला कललेली. अंजनाच्या वराडण्यानं सगळी आळी गोळा झाली. गुरुजी शाळंतनं पळत आलं, खडूचं हात तसंच. तासगावचा डाक्टर यस्टीनं येस्तवर काय ऱ्हातंय? त्या सांजंला घरात दिवा लागला, त्यो आक्काच्या उशाला.

आक्का काय मोठी मानूस नव्हती. पाटीवर एक अक्षर कवा काडलं न्हाई. पर येरळंच्या काठच्या त्या गावात शाळा म्हंजी काय, हे बायांना कळायचं ते आक्काच्या तोंडनं.

शाळा दोन खोल्यांची, वर्ग चार, आन् मास्तर एकटं गुरुजी. पोरांचं बाप निम्मं मिलट्रीत, निम्मं ऊसात. आया दिवसभर दुसऱ्याच्या द्राक्षाच्या बागंत. गुरुजींनी एकदा पालकांची सभा लावली. घंटा बडवून बडवून हात दुखलं, आन् आली किती? तीन म्हातारी. त्यातलं एक भैरं आन् दुसरं सुकडी मिळंल म्हनून आलेलं. बाया तर गुरुजी समोरनं आलं की पदर वडून भिताडाला तोंड करायच्या. त्यांच्याशी बोलायचं कसं?

तवा आक्का म्हनली, "तुमी मला सांगा, मी जाऊन सांगती."

तवापस्नं सुरू. दुपारी जेवताना गुरुजी सांगायचं, आन् दिवं लागायच्या येळंला, बाया रानातनं घरी आल्या की आक्का कंदील घिऊन दारोदार. "सखू, तुज्या पोरानं आज आख्खी कविता म्हनली गं." "तानाबाई, तुजी धाकटी शाळंत झोपती, रातीला लौकर निजीव." पन्नास उंबऱ्यांची आळी, पर कुनाच्या दारात ती दोन घोट च्याशिवाय सुटायची न्हाई. बाया चुलीला जाळ घालत घालत ऐकायच्या आन् पोरं दाराआड उबी ऱ्हाऊन कान द्यायची.

पर एक घोटाळा हुता. आक्काच्या आईनं तिला लहानपनापस्नं शिकवलेलं, दिवेलागणीला लक्षुमी घरात येती, तवा कुनाच्या उंबऱ्यात वंगाळ शबूद काढू ने. आन् बाया घरी गावायच्या त्या दिवेलागणीलाच. मग वंगाळ सांगायचं कवा? आक्का सांगायचीच न्हाई. गुरुजींनी चार गोष्टी सांगितल्या तर दोन गोड तेवढ्या उंबऱ्यात जायच्या, दोन कडू पदरात बांधून परत घरी यायच्या. गुरुजींना वाटायचं सगळं पोचतंय.

मनुबाईच्या शालनचं तेच झालं.

मनुबाईचा नवरा नाथाजी मिलट्रीत, पार तिकडं जम्मूला. पोरगी तिसरीत. गुरुजी आक्काला सांगायचं, "अक्षर मोत्यागत हाय तिचं, पर तोंड उघडत न्हाई. हजर म्हनाय बी लाजती. हिशोब तर अजिबात येत न्हाई. आईला सांग, म्हशीमागं धाडू नको, सांजचं माज्याकडं बसीव."

आक्का जायाची आन् म्हनायची, "मनुबाई, तुज्या लेकीचं अक्षर म्हंजी मोती गं! आन् किती गुनाची, कुनाच्या अध्यात न्हाई की मध्यात न्हाई."

मनुबाईची छाती फुगायची. पोरगी हुशारच हाय म्हनल्यावर आटवड्यातनं दोन दिस म्हशीमागं गेली तर काय बिघडतंय? ती धाडायची.

मे महिन्यात निकाल लागला. शालन नापास. त्यात नाथाजी सुट्टीवर आलेला. त्यो म्हनला, "नापास पोरगी शाळंत ठिवून काय तिला कलेक्टर करायचीय? नाव काढ. घरात काम थोडं हाय?" मनुबाई त्याच्या हातापाया पडली. शेवटी त्यो म्हनला, "एक वरीस. म्होरल्या सुट्टीला मी येनार, तवा तिसरी पास नसंल तर मग मला काय सांगायचं न्हाई."

मनुबाई तशीच गुरुजींच्या दारात आली. भर दुपारी. पदराचं भान न्हाई, गुरुजी समोर बसल्यालं बी तिनं बगितलं न्हाई.

"आक्का, पोरगी नापास हुनार हे तुमास्नी ठावं हुतं?"

आक्का पदराचा शेव बोटाला गुंडाळाय लागली.

"वरीसभर माज्या दारात बसून च्या पिऊन गेलासा. मोती मोती म्हनलासा. एक डाव म्हनला आसता, मनू, पोरगी मागं पडलीया, तर मी म्हस इकली आसती. तुमचं गोड बोलनं माज्या लेकीला भोवलं, आक्का. आता पुन्यांदा सांजचं माज्या दारात यिऊ नका."

ती गेली. गुरुजी कवा आवाज चढवायचं न्हाईत, त्या दिवशी बी न्हाई चढवला. नुसतं म्हनलं, "निम्मंच सांगत हुतीस व्हय?" आक्का दोन दिस जेवली न्हाई. अंजनाला म्हनली, "अंजे, मी त्या लेकराचं वाटुळं केलं गं. पर दिवेलागणीचं वंगाळ बोलाय माजी जीबच उचलत न्हाई, काय करू?"

अंजना साधी बाई. ती म्हनली, "मग वंगाळ तेवढं सकाळी सांगा की."

झालं! जून महिन्यापस्नं आक्काच्या दोन फेऱ्या. गोड आसंल ते सांजचं, दारात बसून. कडू आसंल ते सकाळी, बाया पान्याला न्हाईतर शेणी थापाय भायेर पडल्या की, हुब्या हुब्या. मग काय, सकाळी आक्का दिसली की बायांची पळापळ. रंगुबाई तर घागर तितंच ठिवून गोठ्यात दडायची.

"रंगे, भायेर ये! म्हशीमागं दिसतीयास मला."

"आवं आक्का, आज न्हाई ओ, आज माजा उपास हाय."

"उपासाला चालतंय हे. तुज्या जोतिबानं फळ्यावर गुरुजींचं चित्र काडलंय."

"बरं काडलंय का?"

"मिशा झ्याक जमल्यात. पर खाली गाढव काडलंय."

सगळा पानवठा हसायचा. रंगुबाई घरी जाऊन जोतिबाला धपाटं घालायची आन् चित्र पुन्यांदा काडून दाव म्हनायची.

मनुबाईला बी आक्का सकाळीच गाटायची. मनुबाई शेणी थापत ऱ्हायाची, मान वर करायची न्हाई. आक्का तिच्या पाठीशी बोलायची. "मनू, आज वजाबाकी चुकली. हातचा इसरती." थाप. "मनू, आज बी हजर म्हनली न्हाई." थाप. "मनू, सांजचं तिला आमच्याकडं धाडशील का?" ह्यावर थाप थांबली. त्या सांजंला शालन दप्तर घिऊन आकाराम गुरुजींच्या सोप्यात हजर. मनुबाईनं म्हस आपल्या म्हायेरी भावाकडं पोचती केली हुती.

पोरगी रोज यायची. हळूहळू हिशोब जमाय लागला, पर तोंड काय उघडंना. आक्का तिला गूळ-शेंगदानं द्यायची, डोस्क्यावरनं हात फिरवायची, "बोल की गं, जीब गहान ठिवलीयास काय?" पोरगी हसायची, बास.

आक्का सांजची सगळ्यांच्या दारात जायाची. मनुबाईचं दार आलं की कंदील पदराआड करून म्होरं सरकायची. अंजना म्हनायची, "आवं, वजाबाकी जमली म्हनून सांगा की जाऊन." आक्का मान हलवायची. "एवढ्यातेवढ्याला न्हाई. तिच्या दारात आता जाईन ती आसं काय तरी घिऊन, की मनूला खोटं वाटाय नको. गोडाचा इस्वास मीच घालीवलाय."

आन् ते आसं काय तरी ज्या दुपारी घरात आलं, त्याच दुपारी आक्का गेली.

सुतकाच्या दिवसात सगळी आळी येऊन बसायची. मनुबाई बी आली. कोपऱ्यात बसून ती जी रडली, तिला रंगुबाईनं धरून भायेर न्हेली. अंजनाच्या जिबंवर आलं हुतं सांगाय. पर मर्तिकाच्या घरात गोड कसं सांगायचं? आन् घाईगडबडीत सांगितलं तर आक्कानं इतकं दिस राखून ठेवल्यालं काय ऱ्हायलं?

पोरगी तर घरात शाळंचं एक अक्षर सांगायची न्हाई, मिलट्रीचं गुपित आसल्यागत. अंजनानं गुरुजींना इचारलं, "दाजी, मनुबाईला त्ये... तुमी सांगनार?" गुरुजींनी फळीवरच्या काचंकडं बगितलं. म्हनलं, "त्ये तिचं काम हुतं, अंजना. मला त्यातलं काय येत न्हाई."

तेरावा झाला. पावनं-रावळं गेलं. दुसऱ्या दिवशी सांज व्हाय लागली तशी अंजनाचा जीव घरात थाऱ्याला ऱ्हाईना. तिनं फळीवरची काच काढली, कंदिलाला बसवली, वात लावली. आक्कानं पुसल्याली काच, तिला पुन्यांदा पुसाय लागली न्हाई. पदर डोईवरनं घेतला आन् निघाली. जाताना गुरुजींनी बगितलं, पर कुठं जातीस म्हनून इचारलं न्हाई. नुसतं दारातनं बाजूला सरलं.

मनुबाई चुलीला फुकनी मारत हुती. दारात कंदील बगितला आन् तिच्या हातातनं फुकनी सुटली.

"अगं बया! मला वाटलं..." तिला म्होरं बोलाय यीना. मग म्हनली, "अंजना व्हय. ये."

अंजना उंबऱ्यातच बसली. आक्का बसायची तशी, एक पाय आत, एक भायेर. सगळं वाटंत जुळवून आनलेलं, ते बसल्यावर इसरली.

"मनुबाई, आक्काचा एक निरोप ऱ्हायलाय. त्या दिवशी सांजचं येनार हुत्या तुमच्याकडं. लुगडं बी काडून ठिवलं हुतं."

"माज्याकडं? सांजचं?"

"तुमच्या शालननं गुरुजी नसताना पयलीच्या पोरांकडनं पाढं म्हनून घेतलं. हातात पट्टी घिऊन. आवाज पार भायेर सायबाला ऐकू गेला."

मनुबाईनं चुलीतलं लाकूड मागं वडलं. मग डोळं बारीक करून म्हनली, "खरं सांगतीस, का आक्कावानी?"

"गुरुजींनी दारात हुबं ऱ्हाऊन ऐकलंय. आन् आक्का म्हनल्या, एवढ्यातेवढ्याला मी मनूच्या दारात जायाची न्हाई."

मनुबाईनं आतल्या खोलीकडं बगितलं. तितं शालन धाकट्या भावाला म्होरं घिऊन बसलेली, दोघं बी कान टवकारून.

"काय गं भवाने? खरं हाय?"

पोरगी लाजून भावाच्या पाठीत तोंड लपवाय लागली. भावानंच सांगून टाकलं, "मला बी रोज म्हनाय लावती. न्हाई म्हनलं की चिमटा काडती."

मनुबाई हसाय गेली आन् रडायच लागली. पदरानं तोंड दाबून कितीतरी येळ. मग उठून देवळीतलं कुकवाचं पंचपाळं आनलं. अंजनाच्या कपाळाला कुकू लावलं, परत एकदा बोट बुडवलं आन् कंदिलाच्या मुठीला लावलं.

"च्या पिऊनच जायाचं," ती म्हनली. "आक्का तशाच गेल्या हुत्या माज्या दारावरनं, लय डाव. मी आतनं बगायची."

च्या पिताना तिनं इचारलं, "हिशोबाचं काय? पास हुईल का? पोरीचा बाप मे महिन्यात येनार."

अंजनानं शेवटचा घोट घेतला. मग बशी खाली ठिवली.

"ते सकाळी सांगती," ती म्हनली.

मनुबाईच्या तोंडावर हसू आलं. "ये. शेणी थापायच हाय मी."

अंजना कंदील घिऊन उठली. बोळात यितीय न यितीय तवर पलीकडच्या दारातनं रंगुबाई हाळी देत हुती, "अंजे! अगं ये अंजे! आमच्या जोतिबाचं काय हाय गं? का सकाळी येतीस?"

अंजनानं कंदील जरा वर धरला आन् तिच्या दाराकडं वळली.