फ्रँक तुस्कानोचं इन्स्पेक्शन

फ्रँक तुस्कानोला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. वसईत असताना चर्चमधल्या प्रवचनातही हा बाकावर चुळबुळत असायचा, आणि दुबईत नोकरीच अशी मिळाली की बसायची सोयच नाही. एका मोठ्या हॉटेलात तो हाउसकीपिंग सुपरवायझर, एकोणीस वर्षं. इन्स्पेक्शन ठरलं की गड्याच्या अंगात यायचं. फाटक्या चादरी गायब, चाक मोडलेल्या ट्रॉल्या तळघरात, नळ गळणारी खोली कागदावर 'बुक्ड'. आलेल्या माणसाला दिसायचं ते सगळं चकाचक. या कामात आपला हात धरणारा कुणी नाही असा त्याला तोरा होता आणि तो खोटाही नव्हता.

हीच हुशारी त्याने घरात वापरली आणि माती खाल्ली.

एलिशा ही त्याची एकुलती एक मुलगी, नऊ वर्षांची. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. पाय ताठ, उजव्या हाताची बोटं मिटलेली, डोकं मात्र लख्ख. दिव्यांगांसाठीच्या सरकारी विम्यातून तिला आठवड्याला चार दिवस थेरपी मिळायची, दोन दिवस पायांची, दोन दिवस हाताची. वर्ष सरलं की मंजुरी नव्याने घ्यायची. त्यासाठी यहया नावाचे साहेब शारजातल्या राहत्या फ्लॅटवर मुलीला बघायला येणार असा मेसेज आला, आणि फ्रँकच्या पायाला भिंगरी लागली.

वॉकर बाल्कनीत चादरीखाली गेला. आंघोळीची प्लास्टिकची खुर्ची शेजारच्या अर्चनाकडे. सोफ्यापासून दारापर्यंतची सहा पावलं त्याने एलिशाकडून आठवडाभर घोटून घेतली. शिवाय फ्रॉकची दोन बटणं लावणं.

"अरे, तो बघायला येतोय हिला काय जमत नाही ते," एलिशा झोपल्यावर त्याची बायको इसाबेल म्हणाली. "पाहुणा नाहीये तो."

"तू गप गं. सरकारने वर्षभर पैसा घातलाय. रिझल्ट नको दाखवायला? पोरगी ढिम्म दिसली तर म्हणतील, खलास, फुकट खर्च!"

यहया साहेब आले. एलिशा सहा पावलं चालली, दोन्ही बटणं लावली. "माशाल्ला," साहेब म्हणाले. फ्रँकने तर टाळ्याच वाजवल्या. आंघोळ? नो प्रॉब्लेम सर. जिने? नो प्रॉब्लेम सर. इसाबेल चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे असं काही पाहिलं की दुसरा कुणी असता तर तिथेच गप्प झाला असता. पुढचे दोन दिवस एलिशाच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, तरी पोरगी खुशीत होती. डॅडींनी साहेबांसमोर टाळ्या वाजवल्या होत्या ना.

दहा दिवसांनी पत्र आलं. प्रगती उत्तम, अभिनंदन, यापुढे थेरपी आठवड्याला एक दिवस.

फ्रँकने ते उभ्यानेच तीनदा वाचलं. मग हॉलमध्ये येरझारा सुरू झाल्या, सोफा ते दार, दार ते सोफा.

"बाहेरून घ्यायची तर एका सेशनला तीनशे दिरहॅम, म्हणजे आपले सात हजार रुपये," इसाबेल म्हणाली. "आणि थेरपिस्ट काय म्हणाली ते आठवतंय ना? हिचं उंची वाढायचं वय आहे. आत्ता पाय आखडले तर पुढे ऑपरेशन. फ्रँक, तू केलंस हे." ती ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. ती नुसतीच बोलली.

फेरविचाराचा अर्ज त्याने त्याच दिवशी केला. तारीख मिळाली. मुलीला सोबत आणायची अट होती.

ऑफिसात यहया साहेबांनी खुर्ची पुढे केली. फ्रँकला बसवेना. शेवटी टोकावर टेकला.

"सर, उस दिन मैंने छुपाया था. वॉकर, चेअर, सब." त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "आय वॉन्टेड टू शो गुड."

साहेब रागावले नाहीत. त्यांनी कोरा फॉर्म काढला. "टेल मी अबाउट अ बॅड डे."

आणि एकोणीस वर्षं नो प्रॉब्लेम म्हणणाऱ्या माणसाला हेच सगळ्यात अवघड होतं. कारण एलिशा शेजारीच बसली होती, आणि आजवर घरात तिच्यासमोर कुणी 'जमत नाही' हा शब्द काढला नव्हता. तसा फ्रँकचाच नियम होता. पण त्याने बोलायला सुरुवात केली. एकटीने आंघोळ होत नाही. चमचा हातातून सुटतो. बाथरूमला वेळेत पोचत नाही, रडते. सहा पावलं म्हणजे सहाच, सातव्याला पडते. साहेब लिहीत गेले. एलिशा बुटांकडे बघत बसली. फ्रँकला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती, तरी तो थांबला नाही, एकही गोष्ट गाळली नाही.

"आठवड्याभरात कळवतो, इन्शाल्ला," साहेब म्हणाले.

बाहेरच्या पॅसेजमध्ये लिफ्टपाशी एलिशाने वॉकर थांबवला.

"डॅडी, यू वर लाइंग दॅट डे? ऑर टुडे?"

'आज' असं म्हणावं, असं त्याच्या मनात इतकं दाटून आलं की ओठांपर्यंत आलं. आज म्हटलं असतं तर पोरगी हसली असती.

"त्या दिवशी," तो म्हणाला. "त्या दिवशी खोटं बोललो, बाळा."

लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, निघून गेली. फ्रँक पहिल्यांदाच जागचा हलला नाही.

"ओके," एलिशा म्हणाली. "देन वी नीड ऑल फोर डेज. गो बॅक अँड टेल हिम आय सेड सो."