दिव्याखालचा अंजिरी रंग

साडीच्या दुकानातल्या एका मिशाळ सेल्समनने मला फसवलं. त्याने साडी स्वतःच्याच खांद्यावर टाकली, पदर हातावर पसरला आणि आरशासमोर जरा लाजून उभा राहिला. "ग्लॅमर आहे या साडीत, मावशी," म्हणाला. साडी शेजारच्या वत्सलाबाईंच्या लेकीच्या साखरपुड्यासाठी होती. आमच्या गल्लीतल्या बायका खरेदीला मलाच बरोबर नेतात. भाव मी निम्म्यावर आणला, पण साडी दारात नेऊन उजेडात बघायची, हे आयुष्यात पहिल्यांदा विसरले.

घरी दिवसाच्या उजेडात अंजिरी रंग मातकट निघाला. "असू दे हो, आता तुमचंही वय झालं," वत्सलाबाई म्हणाल्या.

ग्लॅमर हा शब्द मी मुलाच्या जाड कोशात शोधला. तो मूळचा स्कॉटलंडचा आणि त्याचा जुना अर्थ डोळ्यांवर घातलेली भूल. तो निघाला व्याकरणाच्या इंग्रजी नावातून, म्हणजे ग्रामरमधून, कारण पुस्तकं वाचणाऱ्याला जादू येते असं तिथल्या न शिकलेल्या लोकांना वाटायचं. मी सातवीत शाळा सोडली, मला ते पटतं. या माणसाची विद्या मात्र पुस्तकातली नव्हती. कुठल्या रंगावर कुठला दिवा लावायचा, एवढंच तो शिकला होता.

मी परत जाऊन भांडले. "मावशी, मी कुठे अंजिरी म्हटलं? तुम्हीच म्हणालात."

खरंच, मीच म्हटलं होतं. तरीही मला वाटतं, त्याने वत्सलाबाईंच्या घरी यावं आणि त्यांच्यासमोर, त्यांच्या लेकीसमोर सांगावं, की दोष माझ्या डोळ्यांचा नव्हता.