चुकलेला पाढा

मास्तरकीत जन्म गेला माझा. अर्ध्या गावाचे पाढे मी पाठ करून घेतले, त्यामुळे स्पॅनिश शिकायचं ठरल्यावर मी कोणाला विचारायला गेलो नाही. लेक स्पेनमध्ये नांदते, जावई तिकडचा, आणि नात सहा वर्षांची झाली तरी तिला मराठीचा म ठाऊक नाही. या हिवाळ्यात दोघी मायलेकी महिनाभर आमच्या गावी, उंद्रीला, येणार म्हटल्यावर मी वही आणली, मोबाईलवरून क्रियापदं उतरवली आणि रोज सकाळी ओट्यावर बसून चालीवर घोकायला लागलो. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. एकेका क्रियापदाची सहा रूपं, थेट पाढ्यासारखी.

लेकीनं आल्या आल्या ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, सहा कशाले घोकता? मी आन् तू, दोनच धरा. रोजची दहा कामं घ्या. चहा पेता पेता 'मी पितो' म्हना, तिले 'तू पितेस का' विचारा. आठ दिवसांत बोलाल तुमी."

"माह्या घरात अर्धवट पाठांतर चालत नाही," मी म्हणालो. झालं, विषय संपला.

खरं सांगतो, अडचण मलाही कळत होती. नातीनं काही विचारलं की मला उत्तरासाठी पहिल्यापासून निघावं लागे. सात पाचे किती विचारल्यावर सात एके सातपासून सुरू करणाऱ्या पोरांना मी काय काय बोललो असेन. इथं मी तिसऱ्या रूपावर असेस्तोवर पोरगी अंगणात पळालेली असायची.

आणि 'झोपणे' या एका क्रियापदावर ती मला रोज अडवायची. मी म्हणायचो, दुएर्मो, दुएर्मेस, दुएर्मे, दुएर्मिमोस. ती तिथंच म्हणायची, "दोर्मिमोस," आणि खदखदा हसायची. तेवढं 'आम्ही'चं रूप 'दो'नं सुरू होतं, पण माझ्या जिभेला 'दुए'ची चाल लागली होती, ती काही वळेना.

त्या दिवशी लेक कामासाठी चिखलीला गेली होती. आमचा कापूस न्यायला गाडी आली होती, भरणारी माणसं ओट्यावर चहा पीत होती, आणि माझं घोकणं चालू होतं. नातीनं टोकलं. माणसं हसली. माझं डोकं फिरलं, हात सवयीनं गेला आणि मी तिचा कान पिरगाळला. ती रडली नाही. तशीच घरात निघून गेली.

"काऊन धरला तिचा कान?" बायको म्हणाली. "परक्या मुलखातलं लेकरू हाय ते."

मी म्हटलं, भूक लागली की येईल.

थोड्या वेळानं नात कुठंच नव्हती. शेजारची घरं पाहून झाली, गोठा पाहून झाला, गाडीवरचे दोघे विहिरीकडे धावले. माझ्या हाकांना उत्तर नाही. शेवटी बायकोला कापसाच्या खोलीच्या दारात नातीच्या चपला दिसल्या. वेचणीचा सगळा कापूस आढ्यापर्यंत रचलेला होता आणि त्याची एक बाजू घसरून खाली आली होती. आमच्या पोरांना आम्ही बजावून ठेवतो, कापसात शिरू नका, वरून ढासळला तर जीव गुदमरतो. हिला कोणी बजावलं होतं?

गाडीवरचा एकजण ढिगावर चढायला निघाला. मी खेकसलो, "पाय नको देऊ बे, खाली असन पोरगी." कुठून उपसायचं ते कळेना. चुकीच्या जागी हात घातला तर उरलेला ढीग तिच्यावर यायचा. तिचा आवाज हवा होता, आणि माझ्या हाकेला ती ओ देणार नव्हती. माझ्याच भीतीनं तर ती आत शिरली होती. कुठे आहेस, एवढंच तिच्या भाषेत विचारायला तोंड उघडलं, पण शब्द सापडेना. भरलेली वही काही कामाची नव्हती.

मग शाळेतली एक गोष्ट आठवली. चुकीचा पाढा ऐकून पोर गप्प बसत नाही. रुसलेलं, भेदरलेलं, मागच्या बाकावरचं, कोणतंही. मी सगळ्यांना गप्प राहायची खूण केली आणि चालीवर सुरू केलं. "दुएर्मो, दुएर्मेस, दुएर्मे." थांबलो. "दुएर्मिमोस."

काही नाही. बायकोनं माझा दंड धरला होता, तिची नखं रुतत होती. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. देवा, आज तरी हिनं मला अडवावं.

चौथ्या वेळी डाव्या कोपऱ्यातून, भिंतीलगत, अगदी खालून दबका आवाज आला. "दोर्मिमोस."

मी चुकत राहिलो, ती दुरुस्त करत राहिली, आणि त्या आवाजाच्या अंदाजानं माणसांनी हलक्या हातानं वरून कापूस काढला. आधी केस दिसले, मग एक हात. बाहेर घेतली तेव्हा नाकातोंडाला कापूस चिकटलेला, ओठ सुकलेले, पण श्वास चालू होता. ती आजीला बिलगली. माझ्याकडे बघेना.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. स्वतःचा कान धरला आणि म्हणालो, "दोर्मिमोस." पहिल्यांदा बरोबर.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग आजीच्या मिठीतून एक हात सोडवला आणि माझ्या कानावरचा माझा हात काढून खाली ठेवला.