शेवंताकाकूंचे डोरे

शेवंताकाकू माणसाच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, स्वेटरकडे बघायच्या. सौंदडच्या शाळेत शिक्षिका म्हणून मी सांगलीहून आले आणि त्यांच्याकडे एक खोली भाड्याने घेतली. सामान घेऊन दारात उभी राहिले, तर त्यांनी नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. माझ्या बाहीची उसवलेली कड चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "हे फेकशीन तवा मले देजो." स्वेटर तसा नवाच होता, म्हणजे तीन वर्षांचा.

उरलेल्या लोकरीचे षटकोन विणणं हा काकूंचा उद्योग. त्यांच्या भाषेत 'सहाकोनी'. क्रोशाची सुई, मांडीवर रंगीत गुंडाळ्या आणि समोर वाळत घातलेलं धान. एक हात विणकामात, एक डोळा चिमण्यांवर. असे शंभर-दीडशे तुकडे जोडले की एक पांघरूण व्हायचं. दुकानातली नवी लोकर त्यांना चालायची नाही. "नव्याचं कोनीबी इनते वो. उरल्यासुरल्याचं करून दाखव," म्हणायच्या. त्यामुळे गावातली प्रत्येक माकडटोपी आणि प्रत्येक बाळाचा मोजा शेवटी त्यांच्याकडेच यायचा.

नियम एकच, सहा म्हणजे सहा. कोपरे पाच झाले तर तुकडा वाटीसारखा वर वळतो, सात झाले तर कडेला झालर सुटते. सहा असले तरच तो जमिनीवर गुमान बसतो. मीही शिकायला बसले होते. माझे पहिले अकरा तुकडे त्यांनी हातात घेतले, बोटं फिरवली आणि एकच शब्द उच्चारला, "उधेड." अकराही उसवले आणि बाराव्याला मी सुई परत केली.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता काकू मला एक गोष्ट वारंवार सांगू लागल्या. "मास्तरीन, माये डोरे जाऊन रायले वो. गोंदियाले जाशीन त पाय काही." दोरे, म्हणजे लोकर संपत आली असणार. मी म्हटलं, बघते की, त्यात काय! गोंदियाला माझी मैत्रीण राहते, तिच्याकडून दोन जुने स्वेटर आणले. काकूंनी पिशवी घेतली, जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि आत गेल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. डोरे जाऊन रायले. मी शाळेत सगळ्या शिक्षकांना वेठीला धरलं, मुख्याध्यापकांच्या बायकोची शाल मिळवली. तरी महिनाभरात डोरे गेलेच. खरं सांगते, मला राग यायला लागला होता. बाईची हाव तरी किती! खोलीभर गुंडाळ्या पडल्यात आणि हिचे दोरे आपले संपतातच.

त्याच दिवसांत त्यांनी मला एक तुकडा दिला, टेबलावर टाकायला. जांभळ्याशेजारी तपकिरी, आणि कडेला छानपैकी झालर. मी मोजले तर सात कोपरे. मला वाटलं नवं डिझाइन काढलंय, आणि मी तोंड भरून कौतुक केलं. काकू गप्प बसल्या. एरवी स्वतःच्या कामावर तासभर बोलणारी बाई एवढी गप्प का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला.

मग एके दिवशी दुसरीच्या वर्गात मी शरीराच्या अवयवांचा तक्ता लावला. नाकावर छडी ठेवली, वर्ग ओरडला, "नाक!" कानावर ठेवली, "कान!" मग पुढच्या चित्रावर ठेवली आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "डोरा!"

माझी छडी तिथेच राहिली. रोज ह्याच मुलांचं 'शारा' खोडून मी 'शाळा' लिहीत होते, 'फरा' पुसून 'फळा' शिकवत होते. दिवसभर दुसऱ्यांचा र पुसणाऱ्या मला घरी आल्यावर तोच र ऐकू आला नव्हता. चार महिने एक म्हातारी बाई मला सांगत होती की तिचे डोळे चाललेत, आणि मी तिला लोकर आणून देत होते. मला मुलांसमोरच रडू फुटलं.

मधल्या सुट्टीत धावत घरी गेले. काकू अंगणातच होत्या. विचारलं, "काकू, डोरा म्हणजे डोळा?"

"मंग काय शेपूट?" त्या म्हणाल्या. "चार महिने झाले सांगून रायली. तू लोकर आनून रायली. मी म्हनलं, मास्तरीन आहे, शिकली-सवरली आहे, तिकडे असाच इलाज असन."

पोराला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. पोरगा नागपूरला नोकरीत. तो घेऊन जाईल, ऑपरेशन करील आणि मग अशा आईला एकटी कशी ठेवू म्हणून गावी परत पाठवणारच नाही, ही त्यांची धास्ती. म्हणून त्यांनी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि ते माणूस हे असं निघालं.

पुढच्या सोमवारी मी रजा टाकली आणि आम्ही दोघी सकाळच्या गाडीने गोंदियाला गेलो. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू पिकलाय, आधी एक डोळा करू. काकू घाबरल्या होत्या, पण तोंड चालूच होतं. शेजारच्या बाईचा स्वेटर हाताने चाचपून त्यांनी तो घरचा नाही, मशीनचा आहे, असा निकाल दिला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. काकूंनी खिडकी बघितली, नर्स बघितली, मग बराच वेळ मला बघितलं. "तुये केस पिकले वो," म्हणाल्या, "आन मले सांगतलं बी नाही."

घरी आल्यावर चार महिन्यांचं काम अंगणात काढलं. पाच कोपऱ्यांचे, सात कोपऱ्यांचे, एक तर चक्क आठ. "हे माया हातचं नाही," असं म्हणत तीन दिवस उसवत बसल्या. मग माझ्या टेबलावरचा तुकडा मागितला. मी म्हटलं, सापडत नाही.

वर्षभर तो मागितला, वर्षभर मी हेच सांगितलं. माझी बदली झाली, टेम्पोत सामान चढलं, त्यांनी नवंकोरं पांघरूण माझ्या हातात दिलं. एकूण एक तुकडा सहा कोपऱ्यांचा. मी वाकून नमस्कार केला. तेव्हा पुन्हा म्हणाल्या, "थो सातकोनी देऊन दे. लोकं पायतीन त काय म्हनतीन?"

"हरवला हो, काकू."

त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि अगदी जवळून बघितलं.

"खोटं नोको बोलू, मास्तरीन," म्हणाल्या. "दिसते मले आता."