आत्याचे पितळी कुलूप

घामेजल्या तळहाताला पितळेचा एक वास लागतो. किंचित आंबट, किंचित थंड, पावसात भिजलेल्या घंटेसारखा. तो वास कुठेही आला, की मी जळगावच्या एका बोळातल्या चौथ्या पायरीवर उभी असते आणि माझा हात आत्याच्या हातात असतो. साऱ्या जळगावात माझ्या आत्याइतके बंदोबस्तातले घर कोणाचे नव्हते. आणि तिच्याइतके उघडे पडलेले मनही कोणाचे नव्हते.

कॉलेजसाठी नरडाण्याहून मी तिच्याकडे राहायला आले, तेव्हा यजमानांना जाऊन बरीच वर्षे झालेली आत्या एकटीच राहत होती. दाराला मुठीएवढे पितळी कुलूप. ते लावले की तीनदा ओढायचे, चार पायऱ्या उतरायच्या, पुन्हा चढायच्या, पुन्हा ओढायचे आणि शेवटी माझा तळहात त्या कुलपावर दाबून धरायचा. “लागेल शे ना व?” ती विचारी. लागलंय, मी म्हणे. हे तीनदा झाले की आम्ही भाजीला निघत असू. गॅस बंद आहे की नाही या शंकेवर तर तिने स्वतःच उपाय शोधला होता. घराबाहेर पडताना ती रेग्युलेटरच काढून पिशवीत टाकी. एकदा रामाच्या देवळात कीर्तन रंगात आले असताना प्रसादाची वाटी काढायला तिने पिशवीत हात घातला आणि तो रेग्युलेटर ठणठणत बुवांच्या पायाशी जाऊन थांबला. पत्र पेटीत टाकल्यावर ते आत पडले की फटीतच अडकले, हे कळावे म्हणून ती पोस्टमन येईपर्यंत पेटीशेजारी उभी राही. पोस्टमन तिला ओळखून होता. पेटी उघडली की आधी तिचे पत्र वर धरून दाखवी आणि मगच बाकीची गोळा करी.

आम्ही हसत असू, तीही हसे. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला ती गाडीत बसली आणि कुलपाच्या शंकेने धरणगावलाच उतरून परत गेली. मुठीतल्या अक्षता तशाच. दोन दिवसांनी मी जळगावला परतले, तर ती पायरीवर बसलेली आणि हळदीने पिवळे झालेले ते तांदूळ समोर ताटलीत ठेवलेले. ताईत झाले होते, उतारे झाले होते. त्या संध्याकाळी ती एवढेच म्हणाली, “तुना लगीनले मी येसू. काही बी कर, पन माले ने.”

मनाच्या डॉक्टरांकडे जायचे, तर जळगावात कोणी पाहील. म्हणून धुळ्याला जायचे ठरले. गल्लीत सांगितले की पद्मालयाच्या गणपतीला चाललो. झाले, सकाळपर्यंत घरोघरचे सात नारळ दारात. समोरच्या वहिनींनीही एक दिला. आज दळणे आहेत, नाहीतर मीही आले असते, असे म्हणत दिला. सात नारळांची पिशवी मांडीवर घेऊन आत्या दवाखान्याच्या बाकावर बसली, तेव्हा समोरच्या बाकावर, पदर डोळ्यांपर्यंत ओढून, त्या वहिनीच बसल्या होत्या. कित्येक महिने त्यांना झोप नव्हती. फिनेलचा वास, पंख्याची कुरकुर. मग आत्याने पिशवीत हात घातला, नेमका त्यांचा नारळ शोधून त्यांच्या ओटीत ठेवला आणि म्हणाली, “हाऊ ले तुना नारय. आते तूच फोड.” वहिनी हसल्या, आणि हसता हसता रडल्या. परतीच्या वाटेवर आम्ही तिघी एरंडोलला उतरून खरोखरच पद्मालयाला गेलो. कारण खोटे बोललो या विचाराने आत्याला रात्रभर झोप आली नसती.

दवाखान्यात डॉक्टर शांत होते. हे वेड नव्हे, म्हणाले. शंकेचा आजार आहे, पुष्कळांना असतो, औषधाने आणि सरावाने ताब्यात येतो. गोळ्या लागू पडायला काही आठवडे लागतील, तोंड कोरडे पडेल. मग ते माझ्याकडे वळले. “तुमचं ‘लागलंय’ हे त्या भीतीचं जेवण आहे. ते बंद करा. विचारलं तर ‘असेल’ म्हणा, आणि चालू लागा.” आत्याने बाहेर येऊन तो ‘असेल’ आपल्या अहिराणीत म्हणून पाहिला आणि नाक मुरडले. “असेल मन्हजे व्हई. हाई काय औसद शे?”

ते औषध पाजणे माझ्या वाट्याला आले. गोळीने सुकलेल्या तोंडात खडीसाखर घोळवत ती पायरीवर थांबे, एकदाच ओढलेल्या कुलपाकडे पाहत विचारी. आणि मी, जिच्या जिभेवर होकार तयारच असे, “असेल” म्हणून बोळाच्या तोंडाकडे चालू लागे. पाठीमागे तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकत. तो थांबला, की माझेही पाऊल थांबे. एकदा ती भर उन्हात तासभर तिथेच उभी राहिली आणि मी कोपऱ्यावर. इतके निर्दय मी पुन्हा कोणाशी वागले नाही. पुढे तो तास अर्ध्यावर आला, मग एका सुस्काऱ्यावर.

माझ्या लग्नाच्या सकाळी नरडाण्याच्या मांडवात माझे डोळे अंतरपाटाकडे नव्हते, स्टेशनच्या रस्त्याकडे होते. मंगलाष्टकांच्या दुसऱ्या कडव्याला ती आली. घामाने निथळलेली, आणि मुठीत अक्षता.

आता ते घर दुसऱ्याचे आहे आणि आत्या नाही. समोरच्या वहिनींनी जपून ठेवलेले कुलूप मला दिले. किल्लीशिवाय ते उघडेच पडले आहे माझ्या कपाटात. कधी दुपारी त्यावर तळहात टेकवते, आणि हाताला वास लागला की पाठवणीची ती वेळ परत येते. मी तिच्या पाया पडले होते. तिने माझा हात हातात घेतला; तो हात पहिल्यांदाच कुठल्या कुलपावर नेला नाही, नुसता धरून ठेवला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्याच तोंडून निघून गेले: आत्या, कुलूप लागलंय ना?

ती ओले डोळे मिचकावून म्हणाली, “व्हई.”