साड्यांच्या भिंती

गोडादऱ्याला आमच्या शेजारी राहणारा तो एजंट विक्री सुरू व्हायच्या आधीच फ्लॅट दाखवतो. नकाशा उघडतच नाही. मोकळ्या प्लॉटवर भिंतींच्या जागी जुन्या साड्या अंथरून, दारापुरती जागा सोडून, खऱ्या मापाच्या खोल्या आखतो. "मावशी, आठे तुमनं किचन. बठा ऐसपैस!" आमच्या गल्लीला त्याचा भारी अभिमान.

परवा आमची गल्ली फ्लॅट बघायला जमली, तेव्हा बिल्डरचा माणूस त्याच्या कानाशी लागला, "साडी जरा बाहेर सरकव. हॉल मोठा दिसेल."

एजंट हसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेठ, ह्यांनी जन्मभर साड्या विणल्या. नजरेनं माप काढतील." साडी हलली नाही.

तो माणूस चिडून साडी ओलांडून निघाला. किचनमध्ये बसलेली माझी आई ठसक्यात म्हणाली, "शेठ, भिंतीतून कुठे? दारातून जा."